ड्रमचे सोवळे

८ एप्रिल १९३५, अमरावती
राजापेठेतल्या आमच्या दवाखान्यातला वाफवलेल्या कापसाचा आणि पट्ट्यांचा ड्रम आजपासून माझ्या ताब्यात. डॉ. भगवंतराव म्हणाले, हे नीट जमले तर पुढच्या महिन्यापासून ऑपरेशनच्या खोलीचे इनचार्ज तुम्ही. कंपाउंडरकीत माझी हुशारी वाया जात होती, हे एकदाचे कुणाच्या तरी लक्षात आले.

डॉक्टरांचा नियम सोपा आहे. झाकण बंद आणि जागा कोरडी असेल तर माल निर्जंतुक राहतो. उघडला किंवा ओल लागली की पुन्हा वाफ. म्हणजे हे आपले सोवळेच. आमच्या घरात सात पिढ्या दुसरे काय चालले आहे? मला कोण शिकवणार.

९ एप्रिल
सोवळे उंच वळणीवर वाळते, तसा ड्रम कपाटावर चढवला. दवाखान्यातली तानुबाई झाडायला आली, तिला उंबऱ्याबाहेरच थांबवले. म्हणाली, "मंग झाडू काय इथूनच फेकून मारू?" दुर्लक्ष केले. मोठ्या जागेवरच्या माणसाला हे करावेच लागते.

१० एप्रिल, सकाळी
ड्रम उघडून पाहिला. कापूस पांढराशुभ्र. आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून उघडला, त्यामुळे उघडला असे म्हणता येणार नाही.

११ एप्रिल
ऊन फार. कापूस तापू नये म्हणून ड्रम पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. उघडून पाहिले, ठीक. शिंक आली, पण मान वळवली होती. बरीचशी.

१२ एप्रिल
भातकुलीचे बागवान किसनराव यांचे अंतर्गळाचे ऑपरेशन. डॉक्टरांनी ड्रम उचलला तर बूड ओले. विचारले, उघडला होता का? मी म्हणालो, परक्याने नाही. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. सगळा माल पुन्हा वाफेला. किसनराव दुपारपर्यंत उपाशी बसून. मला म्हणाले, "कंपाउंडरसायेब, तुमी जेवले काय? मले तर कालपासून कायी नाई." मी जेवलो होतो. विषय बदलला.

ऑपरेशन छान झाले. मला शेवटची संधी. म्हणजे डॉक्टरांचा विश्वास अजून आहे.

१३ एप्रिल
संकल्प: ड्रमला हात लावणार नाही. हिला सांगितला. ही म्हणाली, पापडाचा डबा तरी तुमच्या हातून कधी बंद राहिला आहे का? बायकांना शास्त्रातले काय कळते.

१४ एप्रिल
हात लावला नाही. काठीने झाकण उचलले. सोवळे काठीनेच काढतात, काठीला विटाळ नाही.

१५ एप्रिल
काल काठी सटकून झाकण उजव्या अंगठ्यावर पडले. नखाजवळ जरासे कापले. किरकोळ.

१८ एप्रिल
अंगठ्याचे वांगे झाले. रात्रभर ठणका. आत पू आहे, उद्या कापू, असे डॉक्टर म्हणतात. मी भीत नाही. घाम उन्हाळ्याचा आहे.

१९ एप्रिल (डाव्या हाताने)
ड्रम आजपासून तानुबाईच्या ताब्यात. प्रकृतीच्या कारणास्तव तसे मीच सुचवले.

टेबलावर झोपलो तेव्हा डॉक्टरांनी ड्रम पुढे ओढला, झाकणावर हात ठेवला. मी सहज विचारले, वाफवल्यापासून कोणी उघडला तर नाही? डॉक्टर म्हणाले, बारा तारखेला वाफवल्यापासून माल तुमच्याकडे होता, तुम्हीच सांगा. तानुबाई माझ्याकडे बघत राहिली. अंगठा भयंकर ठणकत होता.

मी म्हणालो, आधी पुन्हा वाफवा.