पाहुण्यांचं वायफाय

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा! नोकरी लागली, खोली मिळाली आणि खिडकीतून अख्खं महाविद्यालय दिसतं. पलंग करकरतो, नळाला धो धो पाणी आहे, स्वयंपाकघर इतकं लहान की मध्ये उभं राहून चारही भिंतींना हात लागतो. आईला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ऊन येतं का. महिनाअखेर मी कायम झालो की दोन खोल्यांचं घर मिळेल आणि तिला इकडे आणता येईल. बाबा गेल्यापासून ती एकटीच आहे. तिला माझ्याशिवाय कोणी नाही, मला तिच्याशिवाय. एवढ्यासाठीच ही नोकरी टिकवायची, बाकी सगळं झूट.

फाटकावरच्या रखवालदारांना सगळे मामा म्हणतात. मीही म्हणायला लागलो. मामांनी माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि फोटोपेक्षा मी बरा दिसतो असा निकाल दिला.

मंगळवार, ४

काम लिहून काढतो, म्हणजे डोक्यात बसेल. बाहेरच्या संस्थांतून इथे पाहुणे येतात. त्यांना वायफायसाठी नवा पासवर्ड द्यायचा नाही. आपल्या संस्थेत वापरतात तेच नाव आणि तोच पासवर्ड त्यांनी इथे टाकायचा. नावापुढे त्यांच्या संस्थेचा पत्ता असतो. आमचा सर्व्हर त्या पत्त्यावर विचारतो, हा माणूस तुमचाच ना? तिकडून होकार आला की इथलं दार उघडतं. म्हणजे पाहुण्याला आम्ही ओळखतच नाही. त्याच्या घरचे ओळखतात, एवढ्यावर सगळा कारभार.

ग्रंथपालबाईंना हे समजावलं, तर म्हणाल्या, मग आता पुस्तकंही अशीच देते, घरून फोन आला की. बाई भारी मिस्कील आहेत. माझा डबा नाही हे बघून त्यांनी आपल्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं आणि नको म्हटल्यावर डोळे वटारले.

शुक्रवार, ७

घोडं अजून पेंड खातंय. काही संस्थांचे सर्व्हर वेळेत उत्तरच देत नाहीत. पाहुणे ताटकळतात, साहेबांकडे तक्रार करतात, साहेब माझ्याकडे बघतात. सोमवारी इथे मोठी परिषद आहे. त्या दिवशी एक जरी तक्रार आली तरी कायम होण्याचं विसरा, असं साहेबांनी हसत हसत सांगितलं. त्यांचं हसणं मला आवडत नाही.

शेवटी पळवाट काढली. समोरून उत्तर नाही आलं तर होकार समजायचा, असा नियम सर्व्हरवर टाकला. आमच्या धंद्यात यासाठी कोणीही मला जोड्याने मारेल. पण परिषद आटोपली की काढून टाकतो.

सोमवार, १०

परिषद झकास! साहेबांनी पाठ थोपटली. आईने तर भांडी कोणती आणायची याची चर्चाच सुरू केली.

एक गोष्ट मात्र खटकते. नोंदींमध्ये काही पाहुण्यांना नावच नाही. नावाची जागा कोरी, संस्थेची जागा कोरी. विचारायला घरच नाही, तर उत्तर कुठून येणार? आणि उत्तर नाही म्हणून माझ्या नियमाने त्यांना आत घेतलं. एक कोरा तर दिवसभर ग्रंथालयात होता. नियम आत्ताच काढला. परिषदेबरोबर तेही गेले असतील.

मंगळवार, ११

गेलेले नाहीत. नोंदींमध्ये ग्रंथालयातल्या त्या कोऱ्याच्या यंत्रावर आता ग्रंथपालबाईंचं नाव आहे, पासवर्डही बरोबर. आणि बाईंच्या स्वतःच्या फोनला सर्व्हर नकार देतोय. मी पासवर्ड बदलून दिला, खातं पुन्हा उघडलं, सगळं केलं. सर्व्हरचं एकच, ही व्यक्ती आमची नाही. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं इथे खस्ता खाल्ल्या आणि आज हे डबडं मला विचारतंय तुम्ही कोण. हसल्या, पण फोनवर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहिल्या.

बुधवार, १२

बाईंना मामांनी फाटकावर अडवलं. कोणाकडे जायचंय, असं विचारलं. मला आधी चेष्टा वाटली. मामांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. बाई रडवेल्या होऊन मला हाका मारत होत्या. साहेबांना बोलावतो म्हणून मी आत धावलो. वाटेत ग्रंथालयात डोकावलो तर बाईंच्या खुर्चीत दुसरीच बाई, अंगात त्यांचाच स्वेटर. पहिल्यापासून मीच इथे आहे, असं तिने शांतपणे सांगितलं. साहेबही तेच म्हणाले आणि मला रजा हवी का विचारलं.

फाटकाशी परत आलो तोवर बाई निघून गेल्या होत्या. घरी गेल्या असतील. पण घरी तरी त्यांना कोणी —

गुरुवार, १३

आयत्या बिळावर नागोबा. आणि बीळ मी खणून दिलं.

नियम काढून उपयोग नाही. आले तेव्हा पाहुणे होते, आता आमचेच झाले. कँटीनवाला बदललाय. कोणाच्याही लक्षात नाही.

साहेबांना सगळं कबूल केलं. नोकरी जाईल तर जाऊ दे. ते रागावले नाहीत. रागवायला हवे होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, छान काम केलंस. तो आवाज साहेबांचा नव्हता.

एक कोरा अजून शिल्लक आहे. माझ्या खोलीबाहेर, जिन्यातल्या वायफायवर.

शुक्रवार, १४

सर्व्हर बंद केला. वायर उपटून टाकली. तरी वायफाय चालू.

जिन्यात पाहिलं. कोणी नाही. दार लावलं की असतो.

आईला सांगितलं, इकडे येऊ नकोस, मीच येतो. कारण विचारलं तिने. काय सांगू? खुश झाली बिचारी. अंथरूण घालून ठेवते म्हणाली. भिंतीपलीकडे तो ऐकत होता. मला ठाऊक आहे, ऐकत होता.

शनिवार, १५

माझा पासवर्ड चालत नाही.

जिन्यात आता कोरा नाही. त्या यंत्रावर माझं नाव.

मग तेही गेलं. यंत्र इथून निघून गेलंय. कुठे —

शनिवार, दुपार

फाटकाच्या चौकीत बसवलंय. मामा सोडत नाहीत. आवारात कुठून शिरलास, विचारतात. ओळखपत्र दाखवलं. उलटसुलट करून पाहिलं, हा फोटो तुझा नाही म्हणाले. तरी मामा भले आहेत. पोलिसांना बोलावण्याआधी म्हणाले, तुला ओळखणारं कोणी असेल तर सांग.

आईचा नंबर दिला. आई ओळखेल. आई कशी नाही ओळखणार?

लावतायत. स्पीकरवर —

आईचा आवाज! मामांनी माझं नाव सांगितलं. तुमचा मुलगा का?

हो म्हणाली. हो म्हणाली!

आवाजात किती आनंद. म्हणतेय, मघाशीच आला घरी, दमलाय, आत झोपलाय. तुम्ही थांबा हं, त्यालाच उठवते.

घशातून शब्द फुटत नाही. मामा बघा ना, मी लिहून दाखवतो, तिला थांबवा, थांबवा तिला —

पावलं ऐकू येतायत. दाराची कडी. आई, नको, त्याला हाक मारू न