उष्टा पेला

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा परभणीत! सांगलीतले मित्र दात काढत होते, ओठांचे ठसे तपासायला तुला कोण बोलावणार म्हणून. घ्या आता! प्रयोगशाळा खाजगी असली तरी दारावर पाटी माझ्या नावाची आहे. बोटांसारख्याच ओठांवरच्या रेघाही प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, हे इथं कुणाच्या गावीही नाही. मदतनीस धम्मशीलाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मंग माज्या ओठावर माजं नाव लिव्हलंय का सर? त्यांना लिपस्टिक लावायला लावली, चिकटपट्टीवर ठसा घेतला आणि कागदावर डकवून दाखवला. लय हसल्या. बाई झकास आहे, चहाही फक्कड करते.

७ नोव्हेंबर
पहिली केस! पोखर्णीची शिवरंजनी, वय सव्वीस. पोटात फवारणीचं औषध गेलं आणि संपली. नवरा परमेश्वर म्हणतो, तिनं स्वतःच पेला तोंडाला लावला. माहेरचे म्हणतात, त्यानं पाजलं. पोलिसांनी स्टीलचा पेला माझ्याकडे दिला. सकाळी पावडर मारून बघितलं तर काठ कोरा करकरीत. डोकंच फिरलं माझं. पहिल्याच केसला हात हलवत परत जायचं?

दुपारी तिच्या ओठांचा ठसा घ्यायला शवागारात गेलो. खालच्या ओठावर डावीकडे जुना व्रण, फाटा फुटलेल्या रेघेला मधोमध कापत गेलेला. हजारात ओळखीन. पेला पिशवीतच होता. ती स्वतःच प्यायली हे उघड आहे, नंतर कुणीतरी काठ पुसला असेल. मी फक्त पेला तिच्या ओठांना टेकवला. जरासा दाबून. एवढंच.

१६ नोव्हेंबर
माझ्या अहवालावर परमेश्वर जामिनावर सुटला. वकील म्हणतात, खटलाही टिकायचा नाही. पेपरात माझं नाव आलं, फोटोसकट. आता हसा म्हणावं सांगलीकरांना.

१८ नोव्हेंबर
शिवरंजनीची आई आली होती, चन्नबसम्मा. सकाळच्या गाडीनं, चुडाव्याहून. रडली नाही. म्हणाली, आमच्या घरात पेल्याला कुणी तोंड लावत न्हाई, समदे वरूनच पितेत. माज्या लेकीनं जल्मात पेला उष्टा केला न्हाई, मंग हा ठसा कुठून आला? तिला धरून वरून वतलं असंल त्यानं. अहवाल मागं घ्या, म्हणून हात जोडले.

म्हणजे ती स्वतः प्यायलीच नव्हती. पण मागं घेतला तर माझी पाटी उतरली, वर तुरुंग. शास्त्र खोटं बोलत नाही म्हणालो आणि वाटेला लावली. दारातून वळून म्हणाली, ज्यानं माज्या लेकीचं तोंड वापरलं, त्याचं तोंड ती वापरंल. म्हातारीच्या शापानं गाय मरत नसते.

१९ नोव्हेंबर
सकाळी चहाच्या कपावर ठसा. मी अजून तोंड लावलं नव्हतं. धम्मशीलाबाई लेकरांची शप्पथ घेतात. भिंग लावलं. डावीकडे व्रण.

२१ नोव्हेंबर
आरशावर. खिडकीच्या काचेवर. माझ्या चष्म्यावर, आतल्या बाजूनं. धम्मशीलाबाई काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, सर, जे केलंय ते कबूल करून टाका. तोंड सांभाळून बोला म्हणून ओरडलो त्यांच्यावर. भीती वाटते. लिहायला लाज कसली, वाटते.

२२ नोव्हेंबर
भर दुपारी, उन्हात बसून स्वतःचा ठसा घेतला. चारदा. चारही वेळा तोच फाटा, तोच व्रण. माझ्या ओठावर.

२३ नोव्हेंबर
पाणी पितो तर हात आपोआप वर जातो. पेला तोंडाला लागतच नाही. वरून धार —

२४ नोव्हेंबर
फेरतपासणी. उद्या, इथंच. नांदेडचा तज्ज्ञ येतोय. चन्नबसम्मानं अर्ज केला, म्हणे अहवाल लिहिणाऱ्याचाही ठसा घ्या. आता पेला माझ्याशीच जुळणार. ओठ काथ्यानं घासले. रक्त आलं. व्रण तसाच. कबूल नाही करणार. मेलो तरी —

२५ नोव्हेंबर
आलेत सगळे. चन्नबसम्मा समोर. परमेश्वर कोपऱ्यात, मिशीला पीळ देत. दात आवळून बसलोय. वहीत डोकं घालून —

ओठ हलायलेत. माझे. आवाज बाईचा —

परमेश्वरकडे बघून बोलतेय. छातीवर बसलास. नाक दाबलंस. वरून वतलंस. सगळं — पेला कुणी टेकवला, तेही — माझं नाव घेऊन —

तो पळाला. दारात धरला. म्हातारी आता रडतेय —

संपलं ना? सांगितलंस ना सगळं? सोड —

मान मागं जातेय. तोंड उघडं. कुणी धरलेलं नाही. नाक दाबल्यासारखं — लिहिणारा हात तेवढा माझा — फवारणीचा वास — वरून —