दुधाचं पातेलं

मंगळवार, दिवेलागण. हुमनाबाद.

काल शाळेतून यायला उशीर झाला. पोरं भुकेली आणि भांडी सगळी खरकटी, दुधाचं पातेलं तेवढं स्वच्छ. सासूबाई त्यात दुधाशिवाय काही घालू देत नाहीत, पण त्या राजेश्वरला गेलेल्या. मग काय, कांदा-टोमॅटो परतून त्यातच पास्ता शिजवला. पोरांनी बोटं चाटली. पातेलं घाईघाईत घासून जागेवर ठेवलं. काठाला टोमॅटो राहिला असणार.

सासूबाई रात्री परतल्या. आज सकाळी त्यांनी दूध तापवलं, ते फाटलं. दूध घालणारी शांताक्का गल्लीतून परत चालली होती, तिला दारातच अडवलं.

"शिळं घालायलीस व्हय गं?"

"न्हाई वो आई, आत्ताच काढलंय."

ती माझ्याकडं बघत होती. मी डब्याचं झाकण लावत राहिले. बोलायला काय झालं होतं मला? एक पातेलंच तर होतं.

आत्ता ती दुसरं दूध घालून गेली. रिकामी किटली माझ्यापुढं धरून म्हणाली, "राखेनं दोनदा घासलीय बाई. वास घेऊन बघा."

मी वाकून वास घेतला.