टाक्यावरची हाक

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, संध्याकाळ

पोहोचलो एकदाचे! प्रागला नाही, जुन्नरला. व्हिसासाठी तारीख मिळाली ती थेट मे महिन्यातली, आणि लग्नाचा वाढदिवस काही मेपर्यंत थांबणार नव्हता. तेव्हा सोम म्हणाला की शनिवार-रविवार जुन्या दगडी शहरातच घालवायचे ना, मग माझ्या गावाकडचं काय वाईट आहे? किल्ला आहे, लेणी आहेत, थंडीसुद्धा आहे. पूल तेवढा नाही. तो मी मनाने बांधीन, असं मी म्हटलं.

प्रागचा तो पूल आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या वर्गात भिंतीवर होता. धुक्यातला, दोन्ही बाजूंना पुतळे उभे. सिस्टर नकाशा शिकवत असायच्या आणि मी त्या पुलावरून कोणाबरोबर तरी चालत असायचे. चेहरा ठरलेला नव्हता. फक्त तो माणूस माझ्या शेजारून चालायचा, एवढं पक्कं होतं.

पेठला चहा घेतला. दुपारी शिवनेरी अर्धा पाहिला, उरलेल्या अर्ध्याला माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. ओतूरच्या बाजारात हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी घेतली आणि गाडीत सोलून खात इथे आलो. ओतूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी जानकू आणि चिमाबाई या म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. अंगण शेणाने सारवलेलं, दारात नाचणीचं खळं, आणि चुलीचा तो वास, जो मी कधीचीच विसरले होते.

सोम मूळचा राजुरीचा. दाखल्यावर सोमाजी, आजोबांचं नाव. कॉलेजात मी त्याचं सोम केलं आणि तेच राहिलं. सुनेने नवऱ्याचं नाव घ्यावं हे सासूबाईंना फार लागायचं. सोम हसायचा. मात्र अधूनमधून गमतीने म्हणायचा की एकदा तरी मला ‘अहो’ म्हण. मी कधी म्हटलं नाही. ज्याच्यावर माया करतो त्याला नावाने हाक मारावी, असं आमच्या सिस्टर सांगायच्या. नाव घेतलं की माणूस जवळ येतं.

मी सोमला हाक मारलेली ऐकून चिमाबाईने पदर तोंडाला लावला. “बया, शेहरातल्या बायका लई धीट!” मी तिला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं, तर ओसरीकडे बोट दाखवून म्हणाली, “ते काय बसल्यात, त्यास्नीच इचारा की!” जानकूबाबा खोकत हसले.

मग ती गंभीर झाली. म्हणाली, इथे खाली काय ते म्हणा, वर लेण्यापाशी पाण्याचं टाकं आहे, तिथे धन्याचं नाव घेऊ नका. फार मागे इथल्या एका बाईचा नवरा व्यापाऱ्यांच्या बैलांबरोबर घाट उतरून गेला. ती टाक्यावर वाट बघत बसली. तिला त्याला हाक मारायची होती, पण जन्मात नाव घेतलं नव्हतं, जिभेवर येईना. “आजून बसलीय ती. तिच्यापाशी नाव न्हाई. कुनी घेतलं, की त्येच धरून ठिवती.”

मला ती गोष्ट गोडच वाटली. बिचारी.

शनिवार, १७ जानेवारी, दुपार

सकाळी वर जाऊन आलो. वाटेत एका सपाट दगडावर भाकरी ठेवलेली दिसली. चिमाबाई रोज ठेवते, तिच्यासाठी.

लेणी लहान आहेत. दगडातच कोरलेल्या खोल्या, दगडातच कोरलेले बाक. कडेला ते टाकं. पाणी काळं आणि अगदी स्थिर. मी शाल काढून काठावर ठेवली आणि बसले. सोम पुढे गेला, कॅमेरा घेऊन. तो नेहमीच पुढे जातो. लग्नानंतर पहिल्यांदा महाबळेश्वरला गेलो तेव्हाही गेला होता. रागाने नाही, मी मागे आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. गर्दीत मी त्याला पाठीवरून ओळखते.

तो कड्याच्या वळणाआड गेला. वारा थांबला. खाली शेतं दिसत होती, एकही माणूस दिसत नव्हता. मला एकदम इतकं एकटं वाटलं की मी हाक मारली. उत्तर नाही. मग पूर्ण नाव घेऊन मारली, जोरात. चिमाबाईची गोष्ट त्या क्षणी आठवलीच नाही.

लेण्यांत आवाज घुमतो. हा घुमला नाही. पाण्यात गेला आणि तिथेच राहिला.

थोड्या वेळाने सोम वळणावरून आला. चेहरा असा, जणू पंचविशीतला. म्हणाला, शेवटी म्हणालीस! किती गोड म्हणालीस! त्याने स्पष्ट ऐकलं होतं, “अहो, येताय ना?” माझ्याच आवाजात.

मी म्हटलं नव्हतं. पण तो इतका आनंदला होता की मी नाकारलं नाही. उतरताना त्याने माझा हात धरला आणि शेजारून चालला. सगळी वाट. शाल वरच विसरले ते खाली आल्यावर कळलं.

घसा धरला आहे. गार हवा बाधली असावी.

शनिवार, संध्याकाळ

आवाज पार बसला. चिमाबाईने काढा दिला आणि माझ्याकडे बघत राहिली. विचारलं, वर नाव घेतलंत का? मी मान डोलावली. ती खालीच बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

जानकूबाबा सोमला म्हणाले, “पावणं, आत्ताच निघा. गाडी हाय ना?” सोम हसला. वाढदिवस उद्या आहे, उद्याच निघू म्हणाला.

चिमाबाईने मला गोठ्यामागे नेलं. ती टाक्यावरची आता हाक मारील, म्हणाली. “त्यांनी ओ द्यायच्या आत तुमी मारा. अहो म्हना. नाव घिऊ नगा, ते आता तुमचं नाय ऱ्हायलं.”

मी गाईसमोर उभी राहून म्हणून पाहिलं. अहो. नुसती हवा आली.

नंतर ओसरीवर बसलो होतो. माझा हात त्याच्या हातात होता. अंगणाबाहेरून, तुरीच्या शेताकडून, माझा आवाज आला. अहो, ऐकलंत का?

त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, आलो गं.

माझा हात सोडून उठला. मी त्याचा सदरा घट्ट धरला. तो थबकला आणि सदरा कशात अडकला ते बघू लागला. मला बघितलं नाही.

जानकूबाबांनी आम्हा दोघांना आत ओढून दार लावून घेतलं.

रविवार, १८ जानेवारी, सकाळ

वाढदिवस.

चिमाबाईने दोन कप आणले. एक मला दिला. तो म्हणाला, तिचा झाकून ठेवा, ती लवकर उठून वर गेली आहे. शाल आणायला. चिमाबाईने माझ्याकडे बोट केलं — अवो, ह्या काय बसल्यात! त्याने बघितलं. माझ्या खुर्चीकडे, नीट. मग चिमाबाईकडे, वेड्या माणसाकडे बघावं तसं.

मी त्याच्या तळहातावर बोटाने माझं नाव लिहिलं. वैजू. तळहात खाजवला त्याने.

वरून हाक आली. माझ्याहून गोड. मी त्याला अशी कधीच —

तो निघाला. मी मागे. गुडघे —

टाक्यापाशी

शाल नाही.

काठावर दोन ओली पावलं, बाईची. तिथून खाली गेलेली.

दुसऱ्या वाटेने उतरताहेत ते. इथून दिसतात. जांभळी शाल दिसते. तो पुढे नाही. शेजारून चालतो आहे, तिच्या पावलाने, हळूहळू —

मी ओरडले. पानं हलतात तेवढा आवाज.

पायऱ्या उतरते आहे. उतरले की पुन्हा टाकंच येतं. पुन्हा उतरले. पुन्हा टाकं.

नंतर

त्याने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. माझ्यासाठी कधी — नाही, एकदा धरलं होतं, बाळंतपणाला नेताना.

मग तो थांबला. वर बघितलं, थेट इथे. कपाळावर हात आडवा धरून. आणि हाक मारली. वैजू!

मी उठून उभी राहिले. दोन्ही हात —

गाडीतून माझ्या आवाजात कोणी तरी म्हणालं, इथेच आहे की हो.

तो हसला. दार लावलं.

नंतर

धूळही खाली बसली.

चिमाबाई वर आली. दगडावर भाकरी ठेवली. मला वाटलं आज दोन ठेवील, पण एकच. माझ्याकडे बघितलं नाही तिने. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, बाई, खावा. मी सांगितलं व्हतं वो. मी सांगितलं व्हतं.

भाकरी गरम आहे. बाकी सगळं गार.

त्याला हाक मारली तर येईल. अजून लांब गेला नसेल, ओतूरला चहाला थांबेल. मनात तरी मारावी. मनात मारायला आवाज लागत नाही. फक्त नाव —

जिभेवर येत नाही.

वहीचं मागचं पान उलटलं. शुक्रवार. आहे, माझ्याच अक्षरात आहे, किती तरी वेळा. दोन अक्षरं. वाचता येतात. पण कोणाचं हे, कोण हा, माझा कोण —