तुम्ही मराठीत सांगितलेली विलायती सहल

बाबा, काल दुपारी आईला तो सिनेमा पुन्हा दाखवला. तोच, हेडमास्तरांच्या बैठकीत बघितलेला, गोऱ्या लोकांच्या सहलीचा. नाव आम्हाला दोघींनाही आठवत नव्हतं, म्हणून मोबाइलवर इंग्रजीत 'सहल, हॉटेल, शेळी' असं टाकत बसले आणि बऱ्याच खटपटीनंतर तो हाती लागला. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी कधीच ओलांडलंय. तरी सिनेमा सापडल्याबरोबर पहिला विचार आला तो तुम्हाला सांगायचा. सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे.

आपण तेव्हा पिंपळगाव राजाला होतो. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात आणि मी सातवीत होते. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांनी बायकापोरांसह बस करून गोव्याला जायचं ठरत होतं. त्या सहलीपायी आईचं कशात लक्ष नव्हतं. पोहे परतता परतता ती मधेच विचारायची, "समुद्राचं पाणी खरंच खारट असते काय हो?" तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणायचात, "लोणारच्या तळ्याचंबी खारटच आहे. तिथंच जाऊन येऊ, जवळ पडते." "तुमी जा लोणारले, मी चालली गोव्याले," असं म्हणून ती झारा आपटायची. वाळूत चालायला म्हणून तिनं रबरी चपला घेतल्या होत्या आणि घरातल्या घरात त्या घालून बघायची. माहेर आणि सासर सोडलं तर ती कुठं गेलीच नव्हती. हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर कुणाच्या दारात न जाणारे तुम्ही, हेडमास्तरांनी सहलीला होकार द्यावा म्हणून त्यांच्या घरी खेटे घालत होतात.

हेडमास्तरांची एक रीत होती. पोरांना शेजारच्या मळ्यात न्यायचं असलं तरी आधी पूर्वतयारीची सभा घ्यायचे. गोव्यासाठी तर त्यांना काहीतरी मोठं करायचं होतं. ते खामगावला गेले आणि व्हिडिओवाल्याकडून एक कॅसेट घेऊन आले. तिच्या डब्यावर बस होती, हॉटेल होतं, समुद्र होता, बॅगा घेतलेली माणसं होती. सहल कशी काढावी याची माहिती देणारा इंग्रजी चित्रपट आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीत सतरंज्या अंथरल्या, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. त्यांनी शिस्तीवर छोटं भाषण केलं आणि तुम्हाला म्हणाले, "सर, तुमी टीव्हीपाशी उभं राहून मराठीत सांगत जा. बायकायले समजलं पायजे."

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. बस निघाली, बस बंद पडली, तुम्ही तेही गंभीरपणे सांगितलंत. मग ती मंडळी हॉटेलात पोचली आणि एक ढेरपोट्या किराणेवाला बायकोची नजर चुकवून दुसऱ्या एका बाईच्या मागे लागला. तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि ती अंग घुसळून हसली. "काय म्हणते तो?" हेडमास्तरांनी विचारलं. तुम्ही घसा साफ करून म्हणालात, "सदर गृहस्थ त्या बाईंना विचारत आहेत, की आपल्याकडे यंदा पीकपाणी कसं आहे." बायका कमी कपड्यात पोहायला निघाल्या, तेव्हा तुम्ही तिथल्या उन्हाळ्याची माहिती दिलीत. तो किराणेवाला भलत्याच खोलीत शिरला, तेव्हा चाव्यांचा घोळ झाला असल्याचं सांगितलंत. सिनेमा कसला आहे ते हेडमास्तरांना कळलं असतं, तर आईची सहल गेली असती. आईलाही ते उमगलं होतं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, तुमच्याकडे बघत होती. तुमच्या कपाळावर घाम आलेला मला अजून दिसतो.

मग तो प्रसंग येतो. हॉटेलातले पलंग चुकून दुसरीकडे गेलेले असतात, म्हणून सगळ्यांना एकाच दालनात झोपायचं असतं, मधे पडदा लावून, पुरुष एकीकडे आणि बायका एकीकडे. आपली बैठक अगदी तशीच बसलेली आहे, हे बघून बायका पदराआड खुदखुदायला लागल्यात. तेवढ्यात एक शेळी येते, पडदा चघळत चघळत ओढते आणि पडदा खाली येतो. किराणेवाला नको तिथं, नको तसा उभा असतो. त्याची बायको कमरेवर हात ठेवून त्याला काहीतरी सुनावते. "आता काय म्हणल्या त्या बाई?" हेडमास्तर विचारतात. तुम्ही म्हणता, "त्या म्हणतात..." आणि थांबता. पुन्हा म्हणता, "त्या म्हणतात..." आणि बाबा, मग तुम्हाला हसू फुटलं. ज्यांना वर्गात कुणी कधी दात दाखवताना बघितलं नव्हतं, ते तुम्ही हसत हसत सतरंजीवर बसलात. तुमच्याबरोबर सगळी बैठक हसली. हेडमास्तर तेवढे उठले, त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "असल्या सहलीले आपली शाळा जात नाई." सहल मोडली ती तिथंच.

घरी येताना आई भराभरा पुढं चालत होती. मला वाटलं, ती रडत असणार. तुम्ही मान खाली घालून मागून येत होतात. नाल्यावरच्या पुलापाशी ती थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "ते बाई खरं काय म्हणली?" तुम्ही इकडंतिकडं बघून तिच्या कानात सांगितलंत. आई मटकन पुलाच्या कठड्यावर बसली. तोंडाला पदर लावून हसत हसत म्हणाली, "हेच शिकवता काय हो पोराईले शाळेत?" मग तुम्हीही तिच्या शेजारी टेकलात. "मले बी सांगा ना," मी म्हटलं. "तू चाल पुढं," दोघंही एकदमच म्हणालात. मी पुढं चालले, पण वळून वळून बघत होते. "पुढच्या दिवाळीले आपण तिघंच जाऊ," असं तुम्ही तिला म्हणालात ते मी ऐकलं. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. नंतर मी कितीदा तरी गोव्याचा विषय काढला, पण ती दर वेळी "पाहू" म्हणते आणि विषय बदलते.

काल सिनेमा लावला आणि तुमच्या जागी मी मराठीत सांगायला बसले. आता मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं, त्यामुळे काही झाकलं नाही. ती बायको काय म्हणाली तेही सांगून टाकलं. "घरी वीस वर्षं तुझी कंबर धरलेली असते, आणि इथं पहिल्याच दिवशी सुटली!" आईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "तुले नाई जमत," ती म्हणाली. "आवाज बंद कर त्याचा, अन् लाव पयल्यापासून." मी आवाज बंद केला. उशीला टेकून बसलेली आई पुस्तकी मराठीत बोलायला लागली. "सदर गृहस्थ त्या बाईंना विचारत आहेत..." पीकपाणी, उन्हाळा, चाव्यांचा घोळ, सगळं तुमच्या शब्दांत, तुमच्यासारखा घसा साफ करून. पडदा पडला तेव्हा "त्या म्हणतात..." असं ती दोनदा म्हणाली आणि हसली. ते तिचं हसणं नव्हतं. आधी श्वास अडकल्यागत, मग खोलवरून आलेलं, मांडीवर थाप मारत. डोळे पुसून म्हणाली, "अस्सेच हसले होते ना तुये बाबा?"

मी म्हटलं, "हाव, अस्सेच."

बाबा, तुमच्या कपाळावरचा घाम मला आठवतो. तुम्ही सतरंजीवर बसलात तेही आठवतं. पण तुमचं हसणं ऐकू येत नाही, तुमचा आवाजच ऐकू येत नाही, आणि किती वर्षांपासून येत नाही तेही मला सांगता यायचं नाही. आईला मी हे बोलले नाही. "नीट दिसलं नाई, पुन्हा सांग ना," एवढंच म्हटलं आणि सिनेमा शेळी येते तिथपर्यंत मागे नेला.