दादाच्या दगडाची जागा

शुक्रवार, अमावस्या. दिवेलागण.

रागाने डोकं ठणकतंय. दर अमावस्येला गावाभोवती दगडांचं रिंगण घालायचं, ज्याने त्याने आपला दगड आपल्या हाताने ठेवायचा. रिंगण पूर्ण झालं की नाल्यातलं सावट आत येत नाही. पण सकाळपर्यंत माणूसही येऊ शकत नाही.

आज सगळ्यांचे दगड लागले, दादाची जागा तेवढी मोकळी. तो सुरतेहून निघालाय. फोन आला, शिंदखेड्याला शेवटची बस चुकली, चालत येतोय. मी नानांना म्हटलं, "तुम्ही त्याचे बाप आहात, कळतं मला. पण गाव आधी. शेजारचे दगड सरकवून जागा बुजवा."

नाना म्हणाले, "पोऱ्या ई राहिना. तोपर्यंत दगडना जागावर मी बसस."

पोरगा येतोय म्हणे! आणि बसले. जिवंत माणूस बसला तरी रिंगण धरतं, पण सावटाचा सगळा भार त्याच्या अंगावर येतो. हे त्यांना ठाऊक नाही का? गावाचा विचार केला, यात माझं काय चुकलं?

आत्ता गच्चीवरून पाहिलं. दादाचा दगड भला मोठा. नाना त्या जागेत पुरत नाहीत. एवढे कधी वाळले? त्यांच्या शेजारी फट उरलीय.

मी मावेन तिथे. जाते.