दाढ निघाली आणि मी निवडून आलो

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार, आणि मामींना तितकाच वाकून दुसरा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही त्याच्यावर दोन पानं खर्च केलीत आणि मी साधी पोचही दिली नाही, याची लाज वाटते. पण मधले दोन महिने मी निवडणुकीला उभा होतो, आणि उभ्या माणसाला दुसऱ्याच्या गुडघ्याची आठवण राहत नाही. (मामींचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. थांबला नसेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका.) इकडे सगळं ठीक. ही बरी आहे, फक्त माझ्याशी जरा कमी बोलते. त्याचं कारण पुढे येईलच. मी नगरपरिषदेवर निवडून आलो आहे. अभिनंदनाची घाई करू नका, आधी पत्र संपवा.

माझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या पायऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत. वरच्या गल्लीतून खालच्या रस्त्याला उतरणाऱ्या त्रेचाळीस दगडी पायऱ्या, आणि धरायला कठडा नाही. गेल्या वर्षभरात तिथून चार जण घसरले. त्यांतल्या दोघांच्या पँटी मीच रफू केल्या, म्हणजे तसं पाहिलं तर त्या पायऱ्यांचे माझ्यावर उपकारच आहेत. पण एक आजीबाई पडल्या आणि महिनाभर अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता कठड्याबद्दल ऐकवू लागलो. ऐकणारा शेवटी म्हणायचा, "मग तुम्हीच उभे राहा की!" असं एकवीस जण म्हणाले. मी ते मनावर घेतलं. अंगावर कच्च्या शिलाईचा कोट आणि काखेत टाचण्या असताना कुणी शिंप्याला दुखवत नाही, ही गोष्ट मला तीस वर्षं धंदा करून सुचली नव्हती. हिला ती अर्ज भरल्याच्या संध्याकाळी सुचली, आणि तिने ती सांगितलीही.

माझ्याविरुद्ध उभे राहिले आमच्याच गल्लीतले दाताचे डॉक्टर. आमच्या भागात तेवढा एकच दातांचा दवाखाना. माणूस सज्जन, कमी बोलणारा. (दिवसभर समोरच्याच्या तोंडात कापूस असल्यामुळे त्यांना उलट उत्तरं ऐकायची सवय नाही, एवढाच काय तो दोष.) त्यांच्या पत्रकावरही पहिलं आश्वासन कठड्याचंच होतं. त्यांना तो लाकडी हवा होता, मला लोखंडी. बाकी आमच्यात मतभेद शोधून सापडेना. खरी अडचण वेगळीच होती. अर्ज भरायच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांनी माझी खालची डावी दाढ कोरून तात्पुरती बुजवली होती आणि "पुढच्या सोमवारी या" म्हणाले होते. सोमवारपर्यंत मी उमेदवार झालो. ज्याच्याविरुद्ध मतं मागायची त्याच्यापुढे आ करून आडवं पडणं बरं दिसेना, म्हणून गेलो नाही. त्यानंतरचे सोमवारही असेच गेले.

मतदानाला चार दिवस उरले असताना दाढेने तोंड वर काढलं. गाल इतका सुजला की डावा डोळा निम्मा मिटला. त्याच संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये माझी सभा होती. माझा प्रचारप्रमुख म्हणजे शेजारचा इस्त्रीवाला. त्याने माझी ओळख करून दिली, मी उठलो, तोंड उघडलं आणि कळ मस्तकात गेली. मग मी नुसता गालावर हात धरून उभा राहिलो. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर आवाज आला असता (आणि टाचण्या माझ्या खिशात होत्या). मागून एका बाईंनी विचारलं, "कुणी मारलं का हो यांना?" मी मान हलवली. नाही म्हणायला हलवली होती, पण सुजलेल्या माणसाची मान कोणत्याही दिशेला हलली तरी लोकांना हवं तेच दिसतं. इस्त्रीवाल्याने पुढे होऊन जड आवाजात सांगितलं, "ते काही बोलणार नाहीत. तो त्यांचा मोठेपणा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीभर झालं की डॉक्टरांच्या माणसांनी शिंप्याला गाठून मारलं. मामा, डॉक्टरांकडे माणसं म्हणजे एक कंपाउंडर, त्याचं वय बासष्ट. मला बोलता येत नव्हतं हे खरं. पण माझ्या खिशात खडू होता, दुकानात फळी होती, आणि "दाढ सुजली आहे" हे तीन शब्द लिहायला किती वेळ लागतो? मी लिहिले नाहीत. लोक येत, गालाकडे बघत, हात दाबत आणि मत देऊ म्हणत. ही म्हणाली, "निदान त्या इस्त्रीवाल्याला तरी खरं सांगा." मी गालाकडे बोट दाखवलं.

मतदानाच्या दिवशी सकाळीच मी माझं मत मला देऊन आलो. दुपारी चारच्या सुमारास दुखणं असह्य झालं आणि मी मागच्या बोळाने दवाखान्यात शिरलो. डॉक्टर एकटेच होते, दार लावून मत द्यायला निघालेले. पाच वाजता मतदान बंद होणार होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगातला कोट काढून परत खुंटीला लावला.

"बसा. किती दिवस झाले?"

मी चार बोटं दाखवली.

"वेडे आहात. काढावी लागेल. वीस मिनिटांचं काम आहे, मग जाईन मी. दुखलं तर डावा हात वर करा."

वीस मिनिटांचं काम नव्हतं. दाढ मधोमध तुटली, आणि तिची मुळं आमच्या नगरपरिषदेतल्या जुन्या सभासदांसारखी आत रुतून बसली होती. माझ्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, डॉक्टरांची त्याकडे पाठ. साडेचार झाले. पावणेपाच झाले. तोवर अर्धा जबडा बधिर होता, काडीचंही दुखत नव्हतं. डावा हात मोकळा होता. तो वर केला असता तर डॉक्टर थांबले असते, घड्याळ पाहिलं असतं, आणि केंद्र चार घरांवर आहे. मामा, मी तो हात खुर्चीच्या दांडीवर तसाच ठेवला. पाचला पाच कमी असताना शेवटचं मूळ राहिलं होतं. ते निघालं तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं, "अरेच्चा," एवढंच म्हणाले, आणि टाके घालायला बसले.

निकाल लागला. मला तीनशे बारा, त्यांना तीनशे अकरा.

लोकांनी मला उचललं. मग कुणीतरी मतदारयादी पाहिली आणि डॉक्टरांच्या नावापुढे खूण नाही हे सापडलं. मग काय विचारता! स्वतःचं मत द्यायचा कंटाळा करणारा उमेदवार म्हणून अजून त्यांची टिंगल चालली आहे. गिऱ्हाइकं माझ्याच दुकानात उभी राहून हसतात. हिने डॉक्टरांना विचारलं, "कुठे होता हो त्या वेळी?" ते म्हणाले, "कामात होतो." पेशंटची गोष्ट ते बाहेर बोलत नाहीत. हिला मात्र मी किती वाजता घराबाहेर पडलो आणि किती वाजता कापूस दाबून परत आलो, हे पाठ आहे. तिने तेव्हापासून काही विचारलं नाही, म्हणून तर काळजी वाटते.

काल डॉक्टर पायऱ्यांवर भेटले. मला वाटलं, आता बोलतील. "टाके काढायला आला नाहीत," म्हणाले. "आणि अभिनंदन. कठडा लोखंडीच करा, तुमचं बरोबर होतं, लाकूड पावसात टिकत नाही." आणि भिंतीला हात लावत सावकाश खाली उतरून गेले. मी वरच उभा राहिलो.

मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक देत जा.

आपला भाचा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. तुम्ही जन्मभर कचेरीत अर्ज लिहिलेत, तर मला राजीनाम्याचा एक मसुदा करून पाठवा. मी चारदा लिहून पाहिला. दर वेळी तिसऱ्या ओळीपासून त्याचं भाषण होतं. कारणाच्या जागी खरं तेच लिहा, दाढेसकट. डॉक्टरांची एक प्रत वेगळी करा.

ता. क. दुसरा. ही आत्ता मागे उभी राहून हे वाचून गेली. दोन आठवड्यांनी आज पहिल्यांदा तिने मला चहा हवा का म्हणून विचारलं.

ता. क. तिसरा. (हे तिने वाचलेलं नाही.) पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि सभागृहात मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली आहे. मसुदा जरूर पाठवा, फक्त तारखेची जागा कोरी ठेवा.